डीडी (डिमांड ड्राफ्ट) बँकेच्या कपाटात, व्याज माझ्या नावावर. दाद कुठे मागू?

मुक्ता, नाशिक:
मी शाळेत शिक्षिका आहे. जून २०२४ मध्ये रीसेलचा फ्लॅट घेतला, २८ लाखांचं कर्ज, ८.७ टक्के. बँकेने ३ जूनच्या तारखेचा डीडी काढला. विकणाऱ्यांच्या भावाची सही अडली आणि दस्त लांबला. २७ तारखेला निबंधक कार्यालयात बँकेच्या माणसाने खाकी पाकिटातून तो डीडी काढून त्यांच्या हातात दिला. तोवर तो शाखेतच पडून होता. आता स्टेटमेंट पाहते तर व्याज ३ जूनपासून! २४ दिवसांचे १६,०१८ रुपये माझ्या बचत खात्यातून वळते केलेत. मॅनेजर म्हणतात, "मॅडम, डीडी निघाला की कर्ज सुरू." अहो, पण पैसे तर तुमच्याचकडे होते ना? एवढे पैसे बाजूला टाकायला मला चार महिने लागतात.

निवृत्त बँकवाला:
ताई, तुमचंच बरोबर आहे. मी कर्ज विभागात होतो, ही पद्धत जुनी आहे आणि चुकीची आहे. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ ला नेमकं यावरच परिपत्रक काढलं. कुठे मंजुरीच्या तारखेपासून व्याज, कुठे चेकवरच्या तारखेपासून, कुठे महिन्याच्या मध्यात कर्ज देऊन अख्ख्या महिन्याचं, असं बँका लावत होत्या. जादा घेतलेलं परत करायला सांगितलंय. तोंडी बोलत बसू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. डीडी मिळाल्याची विकणाऱ्यांची पावती जोडा, सगळं त्या तारखेवर आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही.

पिंपरीकर:
कर्जाची मुदतही तपासा. एप्रिल २०२२ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर) ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५०. त्याबरोबर माझ्या कर्जाचं व्याजही वाढलं, पण हप्ता तोच राहिला म्हणून मी निर्धास्त होतो. उरलेले १८० हप्ते न विचारता २६६ झाले होते! हप्ता वाढवायचा की मुदत, हे ग्राहकाला विचारायलाच हवं, असं ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक सांगतं.

मुक्ता, नाशिक:
काका, पावती सापडली, तारीख २७ जूनच आहे. अर्ज दिला. आधी शिक्का मारायला तयार नव्हते, परिपत्रकाची तारीख सांगितल्यावर मारला. बाविसाव्या दिवशी १६,०१८ रुपये जमा झाले, पण चूक कबूल करणारी एक ओळही नाही. ते मला लेखी हवंय, कारण आमच्या शाळेतल्या दोघींची कर्जं याच शाखेतली आहेत. सोमवारी त्यांची स्टेटमेंट घेऊन तिघी जातोय.