फेरिटिन चढलं म्हणजे लोह वाढलंच असं नाही

थॅलेसेमिया म्हणजे वारंवार रक्त चढवावं लागणारा आजार, आणि फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी. अशा मुलाचं फेरिटिन महिन्याभरात १८०० वरून २६०० झालं, तर लोह कमी करणाऱ्या गोळीचा डोस लगेच वाढवावा, असं सुचवलं जातं. नाही पटत. चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येतं. तेवढ्याने सहसा अशी उडी दिसत नाही. ताप, जंतुसंसर्ग किंवा यकृताला सूज असली तरी फेरिटिन चढतं. सोबत सीआरपी (सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) बघा आणि बरं वाटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. हृदयातल्या लोहाचा अंदाज मात्र फेरिटिनवरून नीट येत नाही, त्याला टी-टू-स्टार एमआरआयच (लोह मोजणारा खास एमआरआय) हवा. त्यात २० मिलिसेकंदांच्या खालचा आकडा काळजीचा.

आणि डेफेरासिरॉक्स (लोह कमी करणारी गोळी) चालू असेल तर मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं प्रथिन तपासल्याशिवाय, डॉक्टरांना न विचारता डोसला कृपया हात लावू नका.