डीपी मंजूर झाला तरी बांधकाम परवानगी नाकारली – मदत हवी आहे (तातडीचं)

गटधारक
नमस्कार मंडळी. आमच्या गावचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, शासनाने मंजूर केला. पेपरात बातमी आली, चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले. माझ्या जागेवरचं आरक्षण उठलं असं नगरपालिकेतल्याच माणसाने तोंडी सांगितलं होतं. त्या भरवशावर आर्किटेक्टकडून नकाशे करून घेतले, फाईल ऑनलाईन टाकली, आणि आता ती नामंजूर होऊन परत आलीय. बँकेचं कर्ज मंजूर आहे, सेंट्रिंगवाला रोज फोन करतो. पावसाच्या आत निदान जोतं तरी व्हायला हवं.
मला एकच सांगा. शासनाने मंजूर केलेला आराखडा नगरपालिका मानत नसेल तर तक्रार कुणाकडे करायची, कलेक्टरकडे की थेट मंत्रालयात? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. फालतू सल्ले नकोत.

चौकस_काका
नामंजुरीच्या पत्रात कारण काय दिलंय? तेवढं सोडून सगळं लिहिलंत.

एकशेसत्तावीस
सोपं आहे. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा १९६६, कलम १२७. आरक्षणाला दहा वर्षं झाली आणि जागा संपादित केली नाही की नोटीस ठोकायची. नोटिशीनंतर २४ महिन्यांत त्यांनी संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप व्यपगत, म्हणजे संपलं. माझ्या मेहुण्याचं असंच सुटलं. सुप्रीम कोर्टाचा २००७ चा गिरनार ट्रेडर्स निकाल जोडा. नुसता ठराव केला, नुसतं पत्र पाठवलं, याला पाऊल म्हणत नाहीत असं त्यात स्वच्छ आहे. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवृत्त_आरेखक
अहो १२७, थांबा जरा. आरक्षण कधीचं आहे हे तरी त्यांना सांगू द्या.
गटधारक, मी टाऊन प्लॅनिंगमध्ये आयुष्य काढलंय, म्हणून विचारतो. हा गावचा पहिला डीपी की सुधारित? जुन्या डीपीत तुमची जागा कशात होती? प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात काय दाखवलं होतं, तुम्ही हरकत घेतली होती का? आणि मंजुरीची अधिसूचना स्वतः वाचलीत का फ्लेक्सच वाचलात?

टीडीआर_भाऊ
आरक्षण असेल तर भांडू नका, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्या आणि मोकळे व्हा. रोख मोबदल्याच्या मागे लागलात तर नातवंडांना मिळेल.

कृष्णाकाठची
टीडीआर_भाऊ, छोट्या नगरपालिकेत तो टीडीआर विकत घेणार कोण? २०२० च्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत तरतूद आहे हो, पण आमच्याकडे दोन मजल्यांच्या वर कुणी चढत नाही. आहे तोच एफएसआय, म्हणजे जागेवर किती बांधता येतं ते प्रमाण, लोकांना संपत नाही. तुमचं गणित पुण्यात ठीक.

टीडीआर_भाऊ
ताई, गावं वाढतात. पाच वर्षांनी बोलू.

गटधारक
सगळे वेगळंच बोलताय. टीडीआर नको, मला माझ्या जागेवर घर बांधायचंय.
काका, पत्रात "सदर जागा ईपी मध्ये समाविष्ट असल्याने" असं काहीतरी आहे. असेल त्यांचा काही शॉर्टफॉर्म. आरेखक साहेब, सुधारित डीपी आहे. जुन्यात आमचा गट पिवळ्यात होता, रहिवास. प्रारूपात अर्ध्या गटावर क्रीडांगण टाकलं, त्यावर हरकत घेतली, सुनावणी झाली, समितीने आरक्षण काढलं. म्हणून तर म्हणतोय ना की उठलंय!

निवृत्त_आरेखक
सगळी गोष्ट त्या शॉर्टफॉर्ममध्येच आहे आणि तुम्ही ती "काहीतरी" म्हणून सोडून दिलीत.
ईपी म्हणजे वगळलेला भाग. डीपी कसा मंजूर होतो ते आधी बघा. नगरपालिका प्रारूप प्रसिद्ध करते ते कलम २६ खाली. लोकांच्या हरकती नियोजन समिती ऐकते, कलम २८. मग बदल करून आराखडा शासनाला सादर होतो, कलम ३०. तुमचं आरक्षण काढलं ते इथपर्यंतच्या टप्प्यात. पण शेवटचा शब्द कलम ३१ खाली शासनाचा. शासन काही गोष्टी जशाच्या तशा मंजूर करतं, काही किरकोळ फेरबदलासह करतं. आणि जिथे मोठा, सारभूत स्वरूपाचा बदल करायचा असेल तेवढा भाग बाजूला काढून त्यावर नव्याने हरकती मागवतं. तो ईपी.
म्हणजे गावचा डीपी मंजूर आहे, तुमच्या गटापुरता नाही. नगरपालिका शासनाला डावलत नाहीये. कलम ४६ प्रमाणे परवानगी देताना प्रसिद्ध झालेले प्रस्ताव विचारात घेणं तिला भाग आहे.
आता महत्त्वाचं. मंजुरीची अधिसूचना आणि ईपीची नोटीस राजपत्रात कोणत्या तारखेला आली? ती आधी सांगा, बाकीचं नंतर.

बार्देशी
तुमचं नशीब समजा की निदान आराखडा आहे आणि हरकती तरी मागवतात. आमच्याकडे गोव्यात २००७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले म्हणून प्रादेशिक आराखडा २०११ रद्द झाला. मग २०२१ चा आला. आता त्याला मागच्या दाराने भोकं पाडणं चालू आहे. आमच्या नगररचना कायद्याची कलमं, आधी १६ब, मग १७(२), आता ३९अ. एकेका सर्व्हे नंबरचा झोन बदलून मिळतो. भाताचं शेत बघता बघता सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या झोनमध्ये, जातं. १७(२) खालचे नियम हायकोर्टाने २०२५ च्या मार्चमध्ये रद्द केले तेव्हा जरा बरं वाटलं होतं.

चौकस_काका
बार्देशी, कळकळ समजते, पण गोव्यासाठी वेगळा धागा काढा की. इथे धागाकर्त्याचं जोतं अडलंय.

बार्देशी
संबंध आहे म्हणून लिहिलं. मंजुरी वरून होते आणि गावाला पेपरातून कळतं, हे दोन्हीकडे सारखंच.

एकशेसत्तावीस
ईपी असो नाहीतर काही असो, नोटीस देऊन ठेवायला काय जातंय?

निवृत्त_आरेखक
पोस्टाचे पैसे आणि लक्ष जातं. त्यांची जागा जुन्या डीपीत रहिवासात होती, आरक्षण नव्हतंच. नव्यात ते अजून अंतिम झालेलं नाही. दहा वर्षं मोजायची ती आरक्षण असलेला आराखडा अंमलात आल्यापासून. इथे घड्याळच सुरू झालेलं नाही, तर तुमची नोटीस कशावर?

एकशेसत्तावीस
मेहुण्याच्या वेळीही एका साहेबांनी असंच सांगितलं होतं.

नंदीवाला
सगळे सज्जन आहेत इथे. अर्ध्या गटावरचं क्रीडांगण एकदा उठलं आणि वरून परत आलं, म्हणजे शेजारच्या गटावरून काय उठलं ते बघा जरा. आमच्या गावात १८ मीटरचा डीपी रस्ता सरळ येता येता एका मंगल कार्यालयापाशी असा लचकून वळलाय की एसटीचा ड्रायव्हरसुद्धा हसतो.

कृष्णाकाठची
प्रत्येक वेळी काळंबेरंच असतं असं नाही हो. लोकसंख्येच्या प्रमाणात क्रीडांगणं, शाळा, बगीचे किती हवेत याचे निकष असतात. स्थानिक पातळीवर सगळ्यांच्या हरकती मान्य करत गेलं की गावात पोरांना खेळायला जागा उरत नाही, मग वरून परत टाकतात. आम्ही मुलांना क्रिकेटला बाजार समितीच्या आवारात पाठवतो, गुरुवार सोडून. गुरुवारी आठवडी बाजार. गटधारक, राग मानू नका, पण गावाची बाजूही आहे.

गटधारक
ताई, गावाला क्रीडांगण हवं तर गावाने विकत घ्यावं. माझ्या आजोबांनी विहीर खणून बागायत केलेली जमीन आहे, गायरान नाही.

सॅनहोजेकर
मी परदेशात असतो. आमचा हिंजवडीच्या पुढे प्लॉट आहे, एजंटने आर झोन (रहिवास) म्हणून दिला होता. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) डीपी रद्द झाला असं वाचलं. मग आता झोन कोणता? आणि एनए ऑर्डर अमेरिकेतून करता येते का?

चौकस_काका
साहेब, कृपा करून वेगळा धागा. थोडक्यात, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेलं ते प्रारूप शासनाने मागे घेतलंय. तेव्हा एजंटचं सोडा, प्रादेशिक योजनेप्रमाणे अधिकृत झोन दाखला आणि भाग नकाशा काढून बघा.
गटधारक, राजपत्राची तारीख सांगा. आरेखकांनी विचारलीच होती, आता मी विचारतोय. पेढ्यांची तारीख नको.

वकील_कोर्टाबाहेर
तुम्ही सगळे उगाच वेळ घालवताय. सरळ हायकोर्टात रिट टाका. समितीने सुनावणी घेऊन काढलेलं आरक्षण शासन परत टाकतं म्हणजे काय?

निवृत्त_आरेखक
वकीलसाहेब, कायद्याने दिलेली हरकतीची संधी न वापरता कोर्टात गेलं तर पहिला प्रश्न काय येईल ते तुम्हीच सांगा. आणि फेरबदल करण्याचा अधिकार कलम ३१ मध्येच आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा तर २०१५ मध्ये शासनाने महापालिकेकडून काढूनच घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. मुंबईचा २०१५ चा मसुदा मागे घेऊन नव्याने करावा लागला, तो २०१८ मध्ये मंजूर झाला, आणि तिथेही ईपीचे भाग मागे राहिलेच होते. वरून बदल होणं यात नवं काही नाही. ते का चुकीचे आहेत हे वेळेत आणि लेखी सांगणं आपल्या हातात.

गटधारक
आत्ता पुतण्याने वेबसाइटवरून पीडीएफ काढून दिली. मंजुरीची आणि ईपीची नोटीस एकाच दिवसाची आहे, राजपत्र, भाग एक, पुणे विभागीय पुरवणी. तीन आठवडे होऊन गेले!! आम्हाला कुणी कळवलं नाही.
अनुसूचीतली ओळ अशी आहे. पहिल्या रकान्यात ईपी-१९. पुढे "कलम २६ प्रमाणे: आरक्षण क्र. ३१, क्रीडांगण". पुढे "कलम ३० प्रमाणे: आरक्षण वगळून रहिवास विभागात समाविष्ट". आणि शेवटी "शासनाने प्रस्तावित केलेला सारभूत स्वरूपाचा फेरबदल: कलम २६ प्रमाणे आरक्षण पुनर्स्थापित करण्याचे प्रस्तावित". म्हणजे परत टाकतायत??

निवृत्त_आरेखक
हो, प्रस्तावित. अजून झालेलं नाही. नोटिशीत हरकतीची मुदत दिलेली असते, सहसा राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना. म्हणजे तुमच्या हातात आठवडाभरच आहे आणि तुम्ही कलेक्टर की मंत्रालय विचारत बसलात. प्रत्येकाला घरी पत्र येत नाही, राजपत्र आणि वर्तमानपत्रातली नोटीस हीच सूचना धरली जाते.
हरकत कुणाच्या नावे द्यायची तेही नोटिशीतच असतं. बहुतेक सहसंचालक, नगररचना, पुणे विभाग असतील. सुनावणी तेच घेऊन शासनाला अहवाल देतात. अर्जात ईपी क्रमांक ठळक लिहा. गट नंबर कुणी शोधत बसत नाही, ईपी क्रमांकावर गठ्ठे लागतात.
आणि "मी गरीब आहे, कर्ज काढलंय" एवढंच लिहू नका, त्याने फाईल हलत नाही. नियोजन समितीने कोणत्या कारणाने आरक्षण काढलं ते शब्दशः लिहा. जवळपास दुसरं क्रीडांगण किंवा शाळेचं मैदान आहे का, लगत पालिकेची नाहीतर सरकारी जागा आहे का, ते नकाशावर अंतरासह दाखवा. पर्यायी जागा दाखवलेली हरकत आम्ही दोनदा वाचायचो.

गटधारक
समितीच्या अहवालाची प्रत माझ्याकडे नाही. माहिती अधिकारात मागू का?

चौकस_काका
माहिती अधिकाराला ३० दिवस. तोवर मुदत जाईल. हरकत आधी टाका, "पूरक कागदपत्रे सुनावणीवेळी सादर करीन" असं त्यातच लिहा. अहवालासाठी अर्ज त्याच दिवशी वेगळा द्या.

कृष्णाकाठची
आणि हरकत स्वतः पुण्याला जाऊन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. शिक्का पुसट उठला तर परत मारून मागा, लाजू नका. आमच्या सोसायटीची हरकत "प्राप्त नाही" म्हणून गेली होती, ती पोच होती म्हणून वाचली. क्रीडांगणाच्या बाजूने बोलले तरी एवढं सांगतेच.

टीडीआर_भाऊ
क्रीडांगण कायम राहिलंच तर मात्र माझं ऐका. समावेशक आरक्षणाची तरतूद बघा, काही भाग विकसित करून पालिकेला द्यायचा आणि उरलेला आपण वापरायचा.

निवृत्त_आरेखक
हे बरं बोललात, ती तरतूद वाचून ठेवायला हवी. पण कोणत्या आरक्षणाला किती हे वेगवेगळं आहे, तेव्हा आत्ताच त्या वाटेला नको. हरकतीत "नाहीतर निदान अर्धं द्या" असं लिहिलंत तर अर्धं मान्य केलंत असंच धरतील.
गटधारक, आणखी एक. आरक्षण अर्ध्या गटावर म्हणालात. घर कुठल्या अर्ध्यात दाखवलंय?

गटधारक
रस्त्याच्या बाजूला. म्हणजे... बहुतेक क्रीडांगणाच्या बाहेरच असेल. आर्किटेक्टने पूर्ण गट धरून नकाशा केलाय.

निवृत्त_आरेखक
बहुतेक नको. भाग नकाशा घ्या, मोजणीच्या क प्रतीवर आरक्षणाची हद्द आखून घ्या. घर बाधित क्षेत्राच्या बाहेर बसत असेल तर तेवढा भाग सोडून सुधारित नकाशा टाकता येतो का, हे नगररचना सहायकाला समोरासमोर विचारा. सामासिक अंतरं (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) मात्र उरलेल्या जागेवरूनच मोजतील. तो मार्ग निघाला तर जोतं होईल. पण म्हणून हरकतीचं पुढे ढकलू नका, दोन्ही कामं वेगळी आहेत.

गटधारक
ठीक आहे. सोमवारी पुण्याला जातो. नकाशाचं आर्किटेक्टला आत्ताच फोन करून सांगतो. साहेब, हरकतीचा मसुदा इथे टाकला तर बघाल का? गट नंबर खोडून टाकतो.

निवृत्त_आरेखक
टाका. रविवारी रात्रीच्या आत टाका, मी नऊला झोपतो.

एकशेसत्तावीस
मसुद्यात शेवटी १२७ चा उल्लेख करून ठेवा, असू दे.

चौकस_काका
नका करू.

नवा_सभासद_सांगोला
छान माहिती. माझ्या गटातून डीपी रस्ता जातोय, मोजणीत तो विहिरीवरून गेला. रस्ता सरकवायचा असेल तर काय करावं? जरा अर्जंट आहे.

चौकस_काका
डीपी मंजूर आहे की प्रारूप? कुठली नगरपालिका? आणि वेगळा धागा काढा.