सिलिंडर रिपेअर करून बसवला, आता स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळत नाही

घोडकाठचा:
राम राम मंडळी, शिरूर तालुक्यातून लिहितोय. ट्रॅक्टर ४५ एचपी, टू व्हील ड्राइव्ह, पॉवर स्टेअरिंग. पुढच्या अ‍ॅक्सलला एकच सिलिंडर आहे, एका बाजूनंच रॉड निघतो. दिवाळीच्या आधीपासून रॉडच्या तोंडातून तेल गळत होतं, रोज सकाळी टाकीत तेल ओतायचं आणि संध्याकाळी परत तेच, शेवटी वैतागून सिलिंडर खोलला आणि भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपला दिला. रॉडला गंजाचे खड्डे पडले होते, त्यानंच सील फाटत होतं असं ते म्हणाले, मग रॉड ग्राइंड करून त्यावर परत हार्ड क्रोमचा मुलामा दिला, सिलिंडरचं आतून होनिंग केलं, म्हणजे घासून गुळगुळीत केलं, आणि सील किट सगळं नवीन टाकलं.

काल मी आणि पुतण्यानं घरीच बसवला. खोलताना पाइपांना खूण करायची राहिली होती, त्यामुळं पहिल्यांदा पाइप उलटे लागले, स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की चाकं उजवीकडे जायची. ते दोन पाइप अदलाबदल केले, ते जमलं. पण आता उजवीकडे चाक पार टेकेपर्यंत वळतंय आणि डावीकडे थोडं कमी वळून थांबतंय, तिथं पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो. मधेच झटके देत वळतं. डावीकडे स्टेअरिंगचे फेरेपण जास्त लागतात. आणि एका बँजो बोल्टाखाली, म्हणजे पाइप सिलिंडरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टाखाली, तेल पाझरतंय, आवळून बघितला तरी तेच. वडील म्हणतात पंप गेला, वर्कशॉपवाला फोनवर म्हणाला सिलिंडर टेस्ट करून दिलाय. चासकमान धरणाच्या कालव्याचं आवर्तन सुटायच्या आत कांद्याचं रान तयार करायचंय, त्यामुळं कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

मंचरवाला:
झटक्यांचं आधी सांगतो, ती हवा आहे. नवा सिलिंडर कोरडा येतो, पाइपपण रिकामे झालेले असतात. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचल, नुसत्या जॅकवर ठेवू नको, अ‍ॅक्सलखाली लाकडाचे ठोकळे दे आणि मागच्या चाकांना दगड लाव. इंजिन स्लोवर ठेवून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा पंधरा वेळा फिरव, टोकाला गेलं की धरून ठेवू नको, लगेच परत फिर. मधेमधे टाकी बघत राहा, तेल खाली जाईल तसं भरायचं, टाकी कोरडी पडली तर पंप परत हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून. टाकीत फेस दिसला तर तासभर बंद ठेव, फेस बसला की परत फिरव. तेल मात्र पुस्तकात लिहिलंय तेच टाक, घरात उरलंय म्हणून इंजिनचं ओतू नको.

दौंड_४२:
डावीकडे कमी वळतं म्हणजे टाय रॉडची सेटिंग गेली असणार. टाय रॉड दोन आटे सोडून बघा, आमच्या गाडीला असंच केलं होतं.

भोसरीचा जुना फिटर:
दौंडवाले दादा, टाय रॉडला हात लावायला सांगू नका. टाय रॉड दोन चाकांमधलं अंतर ठरवतो. तो सोडला की चाकांचं टो-इन, म्हणजे पुढून किंचित आत वळलेली ठेवण, बिघडेल, टायर महिन्यात एका कडेनं घासून जाईल आणि डावं वळण काही फारसं सुधारणार नाही.

घोडकाठ भाऊ, मी हायड्रॉलिकच्या कामात बरीच वर्षं काढली आणि सिलिंडर रिपेअरला आला की ही एक चूक नेहमी बघितली. रॉड क्रोमला द्यायचा तर टोकाचा रॉड एंड, म्हणजे तो बॉल जॉइंटवाला तुकडा, काढावाच लागतो. काढताना कुणी आटे मोजत नाही आणि बसवताना चकनट (रॉड एंड जागेवर घट्ट धरणारा नट) लागेपर्यंत आत फिरवून टाकतात. सिलिंडर टेबलावर टेस्ट केला तर शंभर टक्के पास होणार, कारण सिलिंडरात दोष नसतोच. फक्त त्याची लांबी कमी झालेली असते.

एवढं बघून सांग. डावीकडे वळताना रॉड बाहेर येतो का आत जातो? डावीकडे पार टोकाला नेलं की नाकलचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या भागाचा, वळण अडवणारा स्टॉपर बोल्ट अ‍ॅक्सलला टेकतो का मधे फट राहते? उजवीकडे काय होतं? रॉड बाहेर येणाऱ्या बाजूलाच फट असेल तर रॉड एंड जास्त आत गेलाय, रॉडची धाव संपते पण चाक अजून वळायचं बाकी असतं. पुढं जायला जागा नाही म्हणून प्रेशर चढतं आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारी झडप) उघडतो, तू म्हणतोस तो किंचाळण्याचा आवाज तोच. वडिलांना सांग पंपाला अजून काही झालेलं नाही, पंप खराब असता तर दोन्हीकडे जड लागलं असतं. पण असंच टोकाला दाबत राहिलास तर पंप खरंच जाईल.

डावीकडे फेरे जास्त लागतात त्याची काळजी करू नको. एका बाजूनं रॉड असलेल्या सिलिंडरात हे व्हायचंच. समज आतला व्यास ५० आणि रॉड २५ मिलीमीटरचा आहे, तर रॉड बाहेर ढकलायला जेवढं तेल लागतं त्याच्या पाऊणपटच तेल तो आत घ्यायला लागतं, कारण त्या बाजूला रॉडनंच जागा खाल्लेली असते. म्हणजे एकीकडे चार फेरे तर दुसरीकडे तीन. पहिल्यापासून तसंच असणार, आत्ता लक्ष गेलं.

घोडकाठचा:
काका, आत्ता गोठ्यातून टॉर्च घेऊन बघून आलो. डावीकडे रॉड बाहेर येतो. डावीकडे टोकाला स्टॉपरपाशी माझं बोट आरामात जातंय एवढी फट आहे, उजवीकडे स्टॉपर टेकतो. तुम्ही म्हणता तेच दिसतंय. किती आटे बाहेर काढू? आणि ते जागेवरच होईल का सिलिंडर परत खोलायचा?

भोसरीचा जुना फिटर:
सिलिंडर खोलायचा नाही, फक्त रॉड एंड नाकलच्या आर्मपासून सोडव. स्प्लिट पिन काढ, नट सैल कर पण दोन आटे अडकवून ठेव म्हणजे निसटून अंगावर यायचं नाही. बॉल जॉइंटच्या पिनचा टेपर, म्हणजे निमुळता भाग, आर्ममध्ये घट्ट बसलेला असतो, त्या पिनच्या टोकावर हातोडा मारू नको, आटे चेपतात आणि मग नट जातच नाही. आर्मच्या डोळ्याच्या एका अंगाला दुसरा जड हातोडा टेकव आणि समोरच्या अंगानं दोनतीन जोरात दे, टेपर आपोआप सुटतो.

सुटल्यावर चकनट ढिला कर आणि रॉड एंड फिरव. रॉडला पकडायचं असेल तर टोकाला सपाट खाच असते तिथं पाना लाव. नव्या क्रोमवर पाइप पाना लावशील तर सगळा खर्च पाण्यात, एक ओरखडा पडला की तिथूनच सील फाटायला लागेल.

किती आटे ते मी इथून सांगू शकत नाही, पण रॉड एंड स्वतः सांगेल. तो तुकडा जुनाच लावलाय ना? मग त्याच्या आट्यांवर बघ, इतकी वर्षं जो भाग बाहेर होता तो काळा गंजलेला असतो आणि आत होता तो चकचकीत. बाहेर काढत काढत तो गंज संपला की थांब, जुनी जागा तीच. काही दिसलंच नाही तर एकेक फेरा काढून दोन्हीकडे स्टॉपर टेकतो का बघ. फक्त आट्याचा जेवढा व्यास तेवढी लांबी तरी आत राहिलीच पाहिजे, त्याच्या पलीकडे बाहेर काढू नको, वळणावर निघाला तर पुढची चाकं कुणाच्याच ताब्यात नाहीत.

रॉड मोकळा आहे तोवर हवापण काढून घे. स्लोवर इंजिन, समोर कुणी हात घालणार नाही हे बघून पाच सहा वेळा रॉड पूर्ण आतबाहेर होऊ दे, लोड नसला की हवा पटकन निघते. परत जोडताना भोक जुळत नसेल तर पहार घालून ओढायचं नाही, स्टेअरिंग हळूहळू फिरवून रॉडच भोकापाशी आणायचा, आणि हात घालायच्या आधी इंजिन बंद. शेवटी नटाची खाच स्प्लिट पिनच्या भोकाशी जुळेना झाली तर नट अजून आवळून जुळव, जुळवायला म्हणून मागं सोडू नको. स्प्लिट पिन नवीन.

नारायणगाव_ताई:
बँजो बोल्टाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते, आमचं घरचं गॅरेज आहे. जुनीच तांब्याची वायसर परत लावली असतील. एकदा दाबलेलं तांब कडक होतं, मग कितीही आवळा पाझरणारच, उलट जास्त आवळून बोल्ट पोकळ असतो तो तुटतो. प्रत्येक बोल्टाला दोन वायसर लागतात, पाइपच्या डोळ्याच्या वर एक आणि खाली एक. नवीन अगदी किरकोळ किमतीत मिळतात, नाना पेठेत तर कुठल्याही साइजची मिळतील पण त्यासाठी पुण्याला यायची गरज नाही, शिरूरलाच मिळून जातील. रात्रीचं अडलंच तर जुनं वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, मऊ होतं, तेवढ्यापुरतं चालतं.

आणि दादा, हे मनापासून सांगते, गळती कुठून आहे ते बोट फिरवून बघू नका. चालू इंजिनवर या लाइनीत १०० बारच्या आसपास प्रेशर सहज जातं, बारीक भोकातून तेलाची धार कातडीतून आत घुसते. वरून सुई टोचल्यासारखं दिसतं, दुखतपण नाही फार, म्हणून माणूस घरी बसतो आणि आतून हात सडायला लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, त्यावर तेल दिसेल. कुणाला असं लागलंच तर त्याच तासाला मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डॉक्टरांना प्रेशरचं तेल घुसलंय हे स्पष्ट सांगायचं.

घोडकाठचा:
ताई, बोट फिरवूनच बघत होतो मी, बरं झालं लिहिलंत. पुतण्यालापण वाचून दाखवलं.

आज सकाळी काम केलं. काका म्हणाले तसंच निघालं, रॉड एंडवर गंजाचा पट्टा होता आणि त्यातला बराचसा भाग आत गेलेला. सहा फेरे बाहेर काढले तेव्हा गंज संपला, आटे दीड मिलीमीटरचे आहेत म्हणजे नऊ मिलीमीटर झाले. आत अजून भरपूर आटे शिल्लक आहेत, मोजून घेतले. मोकळ्या रॉडवर हवा काढली, टाकीत अर्धा लिटरच्या वर तेल गेलं. चारही वायसर नवीन लावली. आता दोन्हीकडे स्टॉपर टेकतोय, आवाज बंद, झटके बंद. वडिलांनी स्वतः चालवून दोन तास रोटर मारला, खाली उतरल्यावर म्हणाले पंपाचं राहू दे.

रॉडवर हात फिरवला तर (इंजिन बंद करून) तेलाचा अगदी पातळ ओलावा लागतोय, थेंब पडत नाही. हे ठीक आहे का?

भोसरीचा जुना फिटर:
ठीक आहे, तेवढा ओलावा पाहिजेच, कोरडा रॉड सील खातो. उद्या काम झाल्यावर चकनट आणि दोन्ही बँजो बोल्टांना एकदा पाना लावून बघ, आणि टाकीचं फिल्टर बदल, जुन्या फाटलेल्या सीलचे तुकडे तिथं अडकलेले असतील.