आत्याची पेटी : बडोद्याच्या घरांतल्या लहानपणीच्या वस्तू (अनुभव धागा)

दांडिया बाजारातलं आमचं घर यंदा उतरवायला काढलं, तेव्हा माळ्यावरून आत्याची पत्र्याची पेटी खाली आली. आत्या नव्वदीच्या पुढे आहे, लेकीकडे राहते. पेटीत सागरगोटे, बांगड्यांच्या काचा, फुटकी पाटी, मोडीचा कित्ता आणि चारदा घडी घातलेला एक गुजराती छापील कागद. तो कागद म्हणजे 1943 सालची दंडाची पावती निघाली. मुलगी शाळेत गैरहजर, म्हणून बापाला दंड. रकमेचा आकडा पुसलाय, आजोबांचं नाव मात्र स्वच्छ वाचता येतं.

सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेलीकडे सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या राज्याला लावलं, हे आम्ही बडोदेकर पाहुण्यांना हौसेने सांगतो. मूल शाळेत धाडलं नाही तर दंड व्हायचा हेही सांगतो. तो आमच्याच घराला झाला होता हे मला या वयात कळलं. घरात चालत आलेली गोष्ट अशी की आजोबा पुढारलेले, त्यांनी आत्याला हट्टाने शिकवलं.

आत्याला फोन केला. म्हणाली, "अगं, तुझा बाबा दोन वर्षांचा, आई अंथरुणाला खिळलेली. त्याला सांभाळायला मला घरी ठेवली. चार महिने. मग शाळेचा शिपाई आला, पावती आली, आणि वडील म्हणाले, जा उद्यापासून. पावती चुलीत टाक म्हणून माझ्याच हातात दिली. मी परकरात खोचली."

पुढे ती व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे प्राथमिक शाळेची शेवटची परीक्षा, पास झाली आणि पस्तीस वर्षं तिने बालवाडी चालवली.

तुमच्या घरात असं काही सापडलंय का? सनदा, खरेदीखतं पुष्कळांकडे असतात, ती मोठ्यांनी जपलेली. मला लहान मुलाने स्वतःसाठी ठेवलेली वस्तू हवी आहे, आणि तिच्यातून घराबद्दल काय कळलं ते.

*

कारेलीबागेतून लिहिते. आईच्या कंपासपेटीत छोट्या गाडीची पुठ्ठ्याची तिकिटं होती, अर्धी, चांदोदची. पाच. ही आपली डभोईकडची तेव्हाची नॅरोगेज, अरुंद रुळांची. तिच्या डभोई–मियागाम फाट्यावर 1862 साली आधी बैल डबे ओढत, इंजिन नंतर आलं. तिकिटं फाटकावर परत द्यावी लागत, मग ही उरली कशी? आई म्हणाली, चांदोदचे स्टेशनमास्तर मामांच्या ओळखीचे होते, ते हसून सोडायचे.

आई नेहमी सांगायची, "मामा मला दर वर्षी चांदोदला सहलीला न्यायचा." नर्मदा, ओरसंगचा संगम, नाव, काठावर पेढे. तिकिटं हातात घेऊन मी विचारलं, दर वर्षी एकाच सुमारास का गं? ती गप्प झाली. मग म्हणाली, "भाद्रपद असायचा." चांदोदला लोक श्राद्धाला जातात. ज्यांना आम्ही आजी म्हणायचो त्या आजोबांच्या दुसऱ्या पत्नी. आईची आई ती तीन वर्षांची असताना गेली होती. मामा बहिणीचं करायला जायचा आणि भाचीला बरोबर न्यायचा, काही न सांगता. आईला हे कळलं तिच्या लग्नात, आम्हाला कळलं त्या कंपासपेटीमुळे. दोघी आज्यांपैकी कुणाचंच मोल यात कमी होत नाही, पण आईच्या आईचा एकही फोटो घरात नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

*

मांजलपूर. आमच्याकडे आजोबांचा खेळायचा तांब्याचा पैसा आहे. एका बाजूला घोड्याचा खूर आणि तलवार, भोवती 'श्री सयाजीराव म. गायकवाड', साल 1949. बाबा सांगायचे, बडोदा संस्थान 1 मे 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्या वर्षीचा हा शेवटचा पैसा. पण महाराज तर 1939 मध्येच गेले. मग त्यांचं नाव कसं? कोणी सांगेल का?

*

मांजलपूरकर, ते 1949 विक्रम संवत आहे. 56 किंवा 57 वजा करा, कारण गुजराती संवत दिवाळीनंतर बदलतो. म्हणजे तुमचा पैसा 1892-93 चा. मराठी घरातल्या पत्रांत मात्र बहुतेक शक असतो, त्यात 78 मिळवायचे. आमच्या एका पत्राचं साल मी आधी चुकीचंच धरलं होतं. आणि एक विनंती, पैसा चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात.

*

मांजलपूर पुन्हा. धन्यवाद! आजोबांचा जन्म 1938 चा, म्हणजे पैसा त्यांच्याही आजोबांच्या काळातला. आज काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांच्या आजीने दृष्ट काढून त्यांच्या गळ्यात बांधला होता तो. कडेला भोक बघ." भोक मी रोज बघत होतो. मला वाटायचं, खेळताना पडलं असेल.

*

मी पुण्यात, माहेर रावपुऱ्यातलं. मावशीच्या पितळी भातुकलीतल्या बंबावर एका मुलीचं नाव कोरलंय आणि खाली 'कवळाणे'. मावशीचं नाव ते नाही. सयाजीराव महाराज मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे, म्हणून आमचंही गाव तेच असेल असं मामा ठामपणे म्हणतो. मी इतक्यात मानणार नाही. भातुकली कुणी आंदण दिलेली, कुणी विकत घेतलेलीही असू शकते. पण ती मुलगी कोण, हे मला शोधायचंच आहे. बडोद्याच्या कोठी कचेरीतल्या दप्तरखान्यात मोडी वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा.

*

आमच्याकडे काही उरलं नाही. काकाच्या गोट्यांची बरणी आणि शाळेचा बिल्ला मीच भंगारवाल्याला दिला, दिवाळीच्या साफसफाईत. काका काही बोलला नाही. तुमचं वाचून आज त्याच्याकडे गेलो आणि बिल्ल्यावर काय लिहिलं होतं ते विचारलं. दोन तास बोलत होता. लिहून घेतोय.

*

धागा सुरू करणारी मीच. काल पावती बाबांना दाखवली. ते ऐंशी ओलांडलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. खिडकीपाशी नेऊन त्यांनी तारीख दोनदा वाचली, स्वतःचं वय बोटांवर मोजलं, आणि मला म्हणाले, "फोन लाव अक्काला."

मी लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले.