मदत हवी आहे: जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजचा नकाशा

१५४१ मध्ये सांता फे या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाकडे गेलेल्या या कॉलेजची आता फक्त दर्शनी कमान उभी आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथेच बसला. बाकीची इमारत १८२९ नंतर पाडली गेली. कमानीच्या मागची खोली, अंगण, चर्च यांची मांडणी दाखवणारा, पाडकामाआधीचा एखादा आराखडा किंवा चित्र कुणाच्या पाहण्यात आहे का? पणजीच्या पुराभिलेख खात्यातला दस्त असेल तर क्रमांकही द्या.

एक खबरदारी घ्या. रोगराईमुळे कॉलेज मोंते सांतो टेकडीवर हलले, त्यालाही सेंट पॉलच म्हणत. त्यामुळे १६१० नंतरच्या कागदात 'नवे' की 'जुने' हे आधी तपासा. नाहीतर दोन इमारतींची मापे एकत्र होतात.

दुसरे, कमानीचे मोजमाप फोटोंवरून करायचे आहे. दोन फोटोंत ७० टक्के भाग सामाईक आणि चौकटीत मोजपट्टी, एवढे ठरले आहे. पण पावसाळ्यात शेवाळाने जांभा काळवंडतो आणि दगडांचे सांधेच दिसत नाहीत. फोटो कोणत्या महिन्यात, कोणत्या उजेडात घ्यावेत?