सुट्टीचा दिवस बाजारपेठेत की खडपात? (चर्चा धागा)

खाडीकाठ:

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुडाळ, कुठंही बघा, सुट्टी आली की घर बाजारपेठेकडे निघतं. काही घ्यायचं असतं म्हणून नव्हे, वेळ घालवायचा असतो म्हणून. रत्नागिरीहून कपड्यांसाठी कोल्हापूर गाठणारेही आहेत. जाऊन-येऊन 260 किलोमीटर होतात. गाडीला लिटरमागे 16 चा ॲव्हरेज धरला तरी सोळा लिटर पेट्रोल जळतं, म्हणजे पहिली पिशवी हातात यायच्या आधीच सोळाशे-सतराशे रुपये गेलेले असतात. किनाऱ्यालगत राहणाऱ्या माणसाला अर्धा दिवस जवळजवळ फुकटात आणि भरगच्च घालवता येतो, त्यासाठी फक्त पंचांग बघून निघायची सवय लावावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

खडपातली, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागातली, ओहोटी घ्या. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ निघते. द्वितीया असेल तर दीड, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती लवकर लागते, तेव्हा अर्धा ते एक तास वजा करा. उधाण पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जोरात असतं, म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ खडपासाठी उत्तम. पाणी तेव्हा सगळ्यात लांब जातं आणि एरवी बुडालेला भाग उघडा पडतो.

तळाच्या वेळेच्या तासभर आधी पोचा आणि पाणी मागे सरेल तसं त्याच्या मागोमाग उतरा. पाणी वळलं की निघायचं, कारण भरती आधी मागच्या खोलगट चरांमध्ये शिरते आणि परतीची वाट समोरून नव्हे तर पाठीमागून तुटते. पायात जुने कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल हिरव्या शेवाळावर घसरते आणि खडकाला चिकटलेल्या कालव-शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. डबक्यात समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, सापासारखे हात हलवणारे तारामासे दिसतात. मात्र डबक्यापाशी दहा मिनिटं सावली न पाडता बसायला हवं. चालत राहिलात तर काही दिसत नाही. दगड उलटलात तर होता तसाच परत ठेवा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. जिवंत शंकूसारखा शंख हातात घेऊ नका, त्याचा दंश विषारी असतो. रिकामे शंखही पिशव्या भरून आणू नका, खेकड्यांना घर म्हणून तेच लागतात.

हिशेबी:

तिथीचा हिशेब बरोबर, पैशांचा अर्धा. कुठलाही छंद पहिला महिना फुकट असतो. मग खास बूट येतात, पाण्यात चालणारा कॅमेरा येतो, पक्षी बघायचे तर दुर्बीण, मासे गरवायचे तर रॉड आणि रीळ. म्हणजे खरेदी थांबली नाही, तिचं दुकान बदललं. कपड्यांचं दुकान निदान रात्री बंद होतं, हे मोबाईलवरचं दुकान रात्री दोनलाही उघडं आहे.

शिवाय तुमची ओहोटी रविवार बघून येत नाही. उधाण साधारण पावणेपंधरा दिवसांनी परततं. त्यामुळे या रविवारी चांगली ओहोटी मिळाली तर पुढच्या रविवारी भांग, म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटी, असणार आणि पाणी जेमतेम हलणार. त्या मधल्या रविवारी माणूस काय करेल? बाजारातच जाईल.

गरीवाला:

हिशेबी, रॉड-रीळ लागतं हे दुकानदाराचं म्हणणं. जेटीवरून किंवा खाडीच्या बांधावरून हातानं गरवायला एवढंच पुरतं: 0.40 मिलिमीटरचा तंगूस (नायलॉनची दोरी) तीस-चाळीस मीटर, सहा ते आठ नंबरच्या चार-पाच गऱ्या (गळ), गुंडाळायला लिटरची रिकामी बाटली आणि वजनाला गॅरेजमधला निकामी स्पार्क प्लग. सगळं मिळून दोनशेच्या आत बसतं.

जोडणी चुकते म्हणून लोक कंटाळतात आणि महाग सामानाकडे वळतात. वजन सगळ्यात खाली, गरी त्याच्या वर वीत-दीड वीत आणि तिची आखूड दोरी आडवी सुटलेली, अशी रचना करा. वजन मुख्य तंगुसाला थेट बांधू नका, मध्ये साधा शिवणाचा दोरा दुहेरी घाला. प्लग दगडात अडकला तर तेवढा दोरा तुटतो, गरी आणि मासा हातात राहतात. गाठ मारताना टोक पाच वेळा पिळून कड्यातून काढा आणि आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनं तंगूस तिथंच कमजोर होतो आणि नेमका मोठा मासा लागला की तुटतो.

आमिषाला बाजारातली वीस रुपयांची कोलंबी सोलून, नाहीतर खडपातलं कालव फोडून. काळुंदर कणकेच्या गोळीलाही येतो. भरती लागल्यापासूनचे दोन तास चांगले. भांगातही गरवता येतं, उलट पाण्याला ओढ कमी असल्यामुळे हलकं वजन चालतं. तेव्हा तुमचा मधला रविवारही मिळाला.

शेंगाळा लागला तर मात्र हातानं धरू नका. पाठीवरचा आणि दोन बाजूंचे काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडेच जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. आणि गुंता झालेला तंगूस पाण्यात टाकू नका, पक्षी आणि कासवं त्यात अडकतात.

कोयती:

“खडपातलं कालव फोडून” हे इतक्या सहज लिहू नका. ती कालवं कुणाच्या तरी संध्याकाळच्या भाजीचे पैसे आहेत. ओहोटीला कोयती घेऊन दोन-तीन तास वाकून फोडायची आणि मापानं विकायची, हा किनाऱ्यावरच्या अनेक बायकांचा रोजगार आहे. शहरातून आलेली दहा माणसं हौस म्हणून सुट्टीभर दगड खरवडत बसली तर जवळचा सोपा खडक संपतो आणि त्या बाईला पुढच्या निसरड्या टोकापर्यंत जावं लागतं. फुकटचा विरंगुळा म्हणता तेव्हा तो कुणाला फुकट पडतो ते बघा.

वाळूतल्या तिसऱ्या शिंपल्यांचंही तेच. गोळा करायच्याच असतील तर घरापुरत्या, मोठ्या तेवढ्या, आणि बारीक परत वाळूत. सांडपाण्याचा नाला खाडीला मिळतो तिथल्या तर अजिबात नकोत. हे जीव पाणी गाळून खातात, त्यामुळे घाण त्यांच्या पोटात साठते.

गरीवाला:

मान्य. कालव आमिषातून वगळा, कोलंबीची सालं आणि डोकी स्वयंपाकघरातून मिळतातच. सालं मऊ असतात, म्हणून गरीला दोऱ्यानं दोन वेढे देऊन बांधावी लागतात.

रातांबा:

किनाराच कशाला? एप्रिल-मे मध्ये रातांब्यांचा (कोकमाच्या फळांचा) ढीग पडतो, तेव्हा घरच्या घरी आमसुलं करणं हा माझ्या मते सगळ्यात चांगला वेळ आहे. फळ फोडून बिया आणि रस वेगळा करायचा, रसात मीठ घालायचं, साली त्यात बुडवून उन्हात पसरायच्या, संध्याकाळी परत रसात. अशी पाच-सात पुटं दिली की रंग काळपट जांभळा येतो. ॲल्युमिनियम किंवा तांब्याचं भांडं नको, आंबटानं ते खातं. प्लास्टिकचं टब, नाहीतर स्टील. बियांचं मुठेल (घट्ट तेल) करता येतं. वळवाच्या सरी येण्याआधी संपवायचं, दमट हवेत दोन दिवस राहिली की बुरशी धरते. मुलांनाही बरोबर घेता येतं.

मांडवाखाली:

रातांबा, तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणता ते कोकणातल्या बाईचं मे महिन्याचं काम आहे. आमसुलं, साठं, आंबोशी, फणसाचे गरे तळणं, आठळ्या मातीत घोळून ठेवणं, सगळं पाऊस यायच्या आत. ते छंदाच्या यादीत घातलंत की तिच्याकडे मोकळा वेळ म्हणून काही उरतच नाही.

आणि खाडीकाठ, तुमच्या द्वितीयेची सकाळची ओहोटी म्हणजे साडेसहा-सातची. त्या वेळी डबे, पाणी, गुरं असतील तर गोठा. बाईला ती मिळणार नाही. आठवड्यातून एकदा बाजारात जाणं हीच तिची सुट्टी असते. तिथं माहेरची माणसं भेटतात, कुणाच्या मुलीचं जमलं ते कळतं, पाच जणींशी बोलणं होतं. खर्च होतो तो शेपाचशे रुपयांच्या भाजी-सुक्या मासळीचा, जी तशीही लागणारच होती. आठवडा बाजाराला आणि कोल्हापूरच्या फेरीला एकाच तराजूत घालू नका. स्वस्त विरंगुळा पाहिजे तर आधी घरातली सकाळची कामं वाटून घ्या.

खाडीकाठ:

मांडवाखाली, आठवडा बाजाराबद्दल तुमचं पूर्ण पटलं. मला खटकते ती काही न लागता होणारी खरेदी. आणि वेळेचं म्हणाल तर प्रत्येक सकाळच्या ओहोटीला साधारण साडेबारा तासांनी संध्याकाळची जोड असते, तेव्हा साडेसहाची सकाळ चुकली तरी सातची संध्याकाळ राहते. पण उजेड जातो, त्यामुळे खडपात उतरू नये, पुळणीवरून चालावं. काम वाटून घ्यायचा मुद्दा मात्र ओहोटीच्या आधी यायला हवा होता.

सड्यावरून:

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, खर्च शून्य आहे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी इथली कातळशिल्पं बघायला सकाळी आठच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा. तिरपं ऊन असेल तेव्हाच खाचांत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. भर दुपारी समोर उभं राहूनही काही कळत नाही. फोटोसाठी खाचांत चुना किंवा खडू भरू नका, चित्रावर चालू नका. 2022 पासून यातली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत.

रात्री त्याच सड्यावर अमावास्येच्या आसपास थांबा. वीस मिनिटं मोबाईल बघितला नाही तरच डोळे अंधाराला सरावतात. एकदा स्क्रीन पाहिली की पुन्हा पहिल्यापासून. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद बांधा. फेब्रुवारीत संध्याकाळी दक्षिणेला समुद्रावर अगस्त्य दिसतो. एप्रिलच्या मध्याला रात्री अकराच्या सुमारास त्रिशंकू दक्षिण क्षितिजावर उभा असतो, जेमतेम बारा-तेरा अंश वर, म्हणून समोर झाड किंवा डोंगर नको. त्याला दुर्बीण लागत नाही.

हिशेबी:

तुमची सगळ्यांची यादी जून ते सप्टेंबर बंद असते. चार महिने समुद्र खवळलेला, खडपावर लाट कधी येईल सांगता येत नाही, आकाश झाकलेलं. माणूस घरात कोंडून बसतो आणि सर्वात जास्त पार्सलं तेव्हाच मागवतो. पावसाळ्याचं उत्तर नसेल तर बाकीच्या आठ महिन्यांचा उपयोग कमी.

मांडवाखाली:

पावसाळ्याचं उत्तर परसात. मृग लागला की पडवळ, दोडकी, काकडी. बी शेजारणीकडून मिळतं, विकत घ्यायचं नाही. रात्रभर भिजवून प्रत्येक आळ्यात तीन बिया, उगवल्यावर जोमदार दोन ठेवायच्या. आळं जमिनीच्या वर वीतभर उंच हवं. आपल्याकडच्या पावसात खड्ड्यात लावलेला वेल पंधरा दिवसांत मुळातून कुजतो. मांडव डोक्याएवढा उंच, नाहीतर पडवळ जमिनीला टेकतं. फळ वीतभर झालं की शेवटाला सुपारीएवढा दगड दोऱ्यानं बांधा, सरळ वाढतं. कोवळ्या फळाला कागदाची पिशवी घाला, नाहीतर फळमाशी अंडी घालते आणि आतून कुजतं. कुजकी फळं खताच्या खड्ड्यात टाकायची नाहीत. तिथूनच नव्या माशा निघतात. ती खोल पुरा.

हे मात्र दोघांनी करायचं. मांडव घालणं आणि आळं भरणं एकीकडे, रोजची देखरेख दुसरीकडे.

सड्यावरून:

रानभाज्याही त्याच दिवसांत मिळतात. टाकळा कोवळा असताना, फुलं यायच्या आत खुडा. अळंबीचं मात्र फोटो बघून शिकू नका. खाण्याजोगी आणि विषारी शेजारी शेजारी उगवतात, ओळखणाऱ्या जाणत्या माणसाबरोबर चार पावसाळे हिंडल्याशिवाय हात लावू नये.

खाडीकाठ:

आणि वाचनालय. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 पासूनचं आहे, चिपळूण, सावंतवाडीलाही जुनी वाचनालयं आहेत. वर्गणी एका पार्सलच्या किमतीपेक्षा जास्त नसते. कार्तिकापासून तर दशावतार आहेच, देवळासमोर चटई टाकून रात्रभर बसायला तिकीट नाही.

हिशेबी:

परस आणि वाचनालय मला पटलं, कारण तिथं वस्तू वाढत नाहीत. छंदांबद्दल माझा आक्षेप कायम आहे. ज्याला सुरू करायचंय त्यानं निदान एक पूर्ण हंगाम उसन्या किंवा टाकाऊ वस्तूंवर काढावा: बाटली, स्पार्क प्लग, जुने बूट. हंगाम संपल्यावर काय अडलं ते लिहून काढावं आणि तेवढंच घ्यावं.

गरीवाला:

हंगामानंतर माझ्या मते एकच गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे लांब टोकाचा चिमटा. शेंगाळ्याच्या घशातली गरी बोटांनी काढू नये. तो हार्डवेअरवाल्याकडे विचारा.