सेवा-सूचनांची फीड लावली, तरी थांब्यावर ताटकळलेच

पहाटपाळी
माझी पाळी सकाळी सहाला सुरू होते. ४:५० ची बस, मग ५:२० ची ट्रेन. त्या वेळी गाड्या अर्ध्या अर्ध्या तासाने असतात, एक हुकली की पुढचं सगळं कोलमडतं. गेल्या महिन्यात दोनदा थांब्यावर उभी राहिल्यावर कळलं की १२ नंबरची बस दुसऱ्या रस्त्याने वळवली आहे. अ‍ॅप आहे, पण त्यात जाहिरातीच इतक्या यायच्या की नोटिफिकेशन बंद करून टाकल्या. मग वेबसाइटच्या अगदी तळाशी ते जुनं नारिंगी चिन्ह दिसलं, आणि सेवा-सूचनांची आरएसएस फीड, म्हणजे नव्या सूचनांची आपोआप बदलणारी यादी, रीडरमध्ये (अशा याद्या वाचायच्या अ‍ॅपमध्ये) टाकली. दोन दिवस खूश होते.

आता अडचणी. सूचना तासभर उशिरा दिसतात. दिवसाला साठ-सत्तर येतात, त्यात निम्म्या लिफ्ट बंद असल्याच्या. आणि परवा रीडरमध्ये 'मार्ग बंद' दिसलं म्हणून मी लांबून गेले, तर मार्ग आदल्या रात्रीच सुरू झाला होता! मी तांत्रिक क्षेत्रातली नाही. जाणकारांनी सांगावं, माझं काय चुकतंय?

वळणरस्ता
एवढा खटाटोप कशाला? सोशल मीडियावर त्या बस-ट्रेनवाल्यांचं खातं फॉलो करा की.

जुना_खांब
@वळणरस्ता, तो भरवसा कधी तुटेल सांगता येत नाही. ट्विटरने एपीआयचे (बाहेरच्या संगणकांनी आपोआप संदेश टाकायच्या सोयीचे) नियम आणि दर बदलले तेव्हा, एप्रिल २०२३ मध्ये, न्यूयॉर्कच्या एमटीएने, म्हणजे तिथल्या बस-मेट्रो चालवणाऱ्या संस्थेने, तिथे सेवा-सूचना टाकणंच थांबवलं होतं. पुढच्या महिन्यात सार्वजनिक सेवांना सवलत मिळाली आणि त्या परत आल्या. मधल्या काळात फक्त तिथेच बघणाऱ्यांनी काय करायचं?

पहाटपाळी, तुमचं काही चुकलेलं नाही. फीड म्हणजे भिंतीवरचा फळा. तो तुम्हाला हाक मारत नाही, तुमचा रीडर मधूनमधून जाऊन वाचून येतो. मोफत ऑनलाइन रीडर कमी वाचक असलेल्या फीडकडे सावकाशीने फिरकतात, तुमचा तास तिथे जातो. फोनवरच फीड आणणारा रीडर घ्या, किंवा कोणी लावून देणारं असेल तर फ्रेशआरएसएस (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा रीडर), आणि दर १५ मिनिटांनी तपासायला सांगा. अँड्रॉइड पार्श्वभूमीतल्या नियमित कामाला त्याहून कमी अंतर देतच नाही. बॅटरी बचतीतून ते अ‍ॅप वगळायला विसरू नका, नाहीतर १५ चे ४० कधी होतात कळत नाही. दर मिनिटाला तपासायच्या फंदात पडू नका. फीड बदलली नसेल तर सर्व्हर नुसतं '३०४' म्हणून परत पाठवतो, ते ठीक. पण फार छळलं तर '४२९' म्हणजे 'पुरे आता' म्हणतो.

आणि खरं सांगू? ऐन वेळी रद्द झालेल्या गाडीसाठी फीडवर विसंबू नका. त्यासाठी निघताना थेट वेळा दाखवणारं पान बघा. फीड कामाची ती आदल्या दिवशी कळणाऱ्या गोष्टींसाठी: रुळांची कामं, वळवलेले मार्ग, बदललेले थांबे.

फीडजोड्या
जुना_खांब यांना +१. 'मार्ग बंद'चं कोडं मी सोडवतो, असल्या फीड जोडण्यातच माझा दिवस जातो.

अडथळा संपला की बऱ्याच वाहतूक संस्था 'संपला' असं लिहीत नाहीत, ती नोंद फीडमधून नुसती काढून टाकतात. तुमच्या रीडरने मात्र ती आधीच साठवलेली असते. फळा पुसला गेला, तुमच्या वहीतलं तसंच राहिलं. उलटाही प्रकार होतो: मजकूर बदलतात पण नोंदीचा ओळखक्रमांक, म्हणजे जीयूआयडी, तोच ठेवतात. मग काही रीडर 'हे वाचून झालंय' म्हणून गप्प बसतात. म्हणून रीडरमधलं शीर्षक हा फक्त इशारा समजा आणि दुव्यावर जाऊन खात्री करा.

तारखेचाही घोळ असतो. आरएसएसमधली तारीख सूचना कधी प्रसिद्ध झाली त्याची असते. रविवारच्या कामाची सूचना दहा दिवस आधी येते आणि ऐन रविवारी यादीत खोल गाडलेली असते. जीटीएफएस-रिअलटाइम या वाहतुकीच्या ताज्या माहितीसाठीच्या स्वरूपात अडथळ्याचा काळ, बाधित मार्ग, कारण, परिणाम असे वेगळे रकाने असतात, पण ते यंत्रांसाठी आहे, रीडरमध्ये उघडणार नाही.

साठ-सत्तर सूचनांतून आपल्या कामाच्या निवडायला रीडरमध्ये गाळणी (फिल्टर) लावता येते, ती लावताना एक सांभाळा. नुसतं '१२' लिहिलंत तर ११२ ची बस, दुपारचे १२:३० आणि बारा तारीख, सगळं येईल. सूचनेत 'मार्ग १२' असं छापत असतील तर तेच पूर्ण शब्द घाला, आणि ट्रेनच्या मार्गाचं नाव वेगळं.

उतारवाट
लिफ्टच्या सूचनांना कचरा समजू नका एवढीच विनंती. मी व्हीलचेअरवर असतो. माझ्यासाठी फीडमधलं तेवढंच वाचण्यासारखं असतं. मी नेमकी उलटी गाळणी लावली आहे.

पहाटपाळी
उतारवाट, माफ करा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी त्या सूचना वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्यात, पुसलेल्या नाहीत.

बाकी सगळ्यांचं ऐकलं. रीडर बदलला, १५ मिनिटं केली, दोन गाळण्या लावल्या. सत्तरच्या जागी काल चारच नोंदी आल्या. रात्री नऊला त्यातली एक: मार्ग १२ पहाटे सहापर्यंत वळवलेला. दुवा उघडून खात्री केली, १५ मिनिटं लवकर निघाले आणि पलीकडच्या रस्त्यावर बस धरली. आज मात्र दिवसभरात एकही सूचना नाही. सगळं सुरळीत आहे की फीडच बंद पडली, हे कसं ओळखायचं?

जुना_खांब
लिफ्टचा फोल्डर बघा. तिथे नवं काही येत असेल, तर फीड जिवंत आहे.